पुनमनं खोडलेली ओळ

ब्रह्मपुरीच्या बसस्थानकामागे एका बाईंच्या घरी, वरच्या खोलीत पाच मुली भाड्यानं राहायच्या. पाचही जणी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, गणित आणि संगणक घेतलेल्या. त्यांतली रिना उंदीरवाडे म्हणजे गणितवाली. वडील सोमाजी धानाच्या गिरणीत हमाल, आई रुखमा दुसऱ्याच्या शेतात रोजीनं जाणारी. पोरीनं बारावीला गणितात सत्त्याण्णव मार्क घेतले आणि तेव्हापासून गावात तिचं नाव गणिताशिवाय कोणी घेईना. रिनालाही ते आवडायला लागलं होतं. इतकं, की एखादं गणित अडलं तरी ‘मले येत नाई’ हे शब्द तिच्या ओठांवर येत नसत.

संगणकात मात्र तिची पाटी कोरी होती. तिथं तिला पुनम मडावीनं हात दिला. पुनम कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावची, घरी गोंडी बोलणारी, कॉलेजात चार शब्दांच्या वर न बोलणारी. पण संगणकापुढे बसली की तिची बोटं बोलायची. एका लूपच्या आत दुसरा लूप कसा फिरतो, हे रिनाच्या डोक्यात काही केल्या शिरेना. सरांनी दोनदा सांगितलं, पुस्तक वाचून झालं. शेवटी पुनम म्हणाली, “तू धानाच्या रोवण्याले गेली होती ना? एका बांदीतल्या साऱ्या ओळी रोवून झाल्या का मंगच धुरा ओलांडून दुसऱ्या बांदीत जातो. तिथी पुन्हा पहिल्या ओळीपासून. बस, हेच हाय.” रिनाला एका क्षणात बांध घातलेल्या खाचरांचं सगळं शेत दिसलं.

हिवाळी परीक्षेआधीच्या आठवड्यात रिनानं गणित शिकवायची पाळी आली. डिफरन्शियल इक्वेशनचा एक प्रकार होता. तो वर्गात शिकवला त्या दिवशी रिना तापानं गावी होती. तरी चौघी वही घेऊन समोर बसल्या तेव्हा तिनं खडू उचलला आणि दारामागच्या काळ्या फळीवर उदाहरण सोडवायला घेतलं.

पुनमनं हळूच विचारलं, “इथी सुरुवातीले सगळ्याले एक्सनं भागा लागत नाई का?”

रिना अडखळली. खरंच लागतं का, तिला ठाऊक नव्हतं. पण ती हसली. “पुनम, तू तुह्यं कॉम्प्युटर सांभाळ. गणितात काऊन डोकं खुपसून राह्यली?” बाकीच्या तिघीही हसल्या. पुनमनं मान खाली घातली आणि फळीवरचं जसंच्या तसं उतरवून घेतलं.

पेपरच्या आदल्या दिवशी रिना गावाहून बी.एस्सी. झालेल्या एका ताईची जुनी वही घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकाशी उभ्या उभ्या ती चाळताना तेच उदाहरण समोर आलं. पहिलीच ओळ होती: दोन्ही बाजूंना एक्सनं भागून. रिनानं ती पुन्हा एकदा वाचली. दहा पावलांवर चिंचेखाली पुनम वही वाचत उभी होती, शेजारी बाकीच्या तिघी. घंटा व्हायला वेळ होता. जाऊन एवढंच म्हणायचं होतं, ‘माह्यं चुकलं, तुह्यं बरोबर हाय.’ पण त्या तिघींसमोर? रिनानं वही मिटली आणि पाणी प्यायला म्हणून उलट्या दिशेनं चालू लागली.

पेपरात तो प्रश्न दहा मार्कांना आला. रिनानं आधी भागून घेतलं आणि पुढचं झरझर सोडवलं.

निकाल मार्चमध्ये लागला. रिना पहिल्या श्रेणीत. संगणकात तर तिला कधी वाटले नव्हते एवढे मार्क. बाकीच्या तिघी जेमतेम सुटल्या. पुनम गणितात चार मार्कांनी राहिली.

“माह्या डोक्यातच गणित नाई,” पुनम पेटी भरता भरता म्हणाली. “तू त एवढं शिकवलं होतं. बाबा म्हणते, पुढच्या वर्षी आर्ट्स घे.” आणि ती गावी निघून गेली. रिना तिला थांब म्हणू शकली नाही. स्टँडवर पोचवायलाही गेली नाही.

चौदा एप्रिलला गावच्या विहारात शिकणाऱ्या पोरापोरींचा सत्कार होता. रिनाला पेन आणि गुलाबाचं फूल मिळालं. समितीच्या अध्यक्षांनी माईकवर सांगितलं, “आपली रिना स्वतः त शिकतेच, पण सोबतच्या पोरींलेही शिकवते.” टाळ्या पडल्या. रुखमा नवं पांढरं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली होती, तिचे डोळे भरून आले होते. रिना बोलायला उभी राहिली, ‘जयभीम’ म्हणाली आणि खाली बसली. लाजली पोर, असं लोक म्हणाले. आईच्या चेहऱ्याकडे पाहणं तिला जमलं नाही.

दोन दिवसांनी तिनं कुरखेड्याची बस धरली, पुढे पुनमच्या गावापर्यंत काळीपिवळी जीप. पुनमच्या घरी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुनमबरोबर मोहफुलं वेचायला गेली. वाघामुळं बाया एकमेकींना हाका देत, एकाच बाजूनं वेचत होत्या. रिनानं टोपली खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. माहीत नसताना शिकवलं ते, आणि फाटकाशी तोंड फिरवलं तेही.

पुनम वेचत राहिली. वेचता वेचताच म्हणाली, “मी विचारलं होतं तुले.”

“हो.”

“तू हासली होती.”

“हो.”

“पेपरात मी आधी भागलंच होतं,” पुनम म्हणाली. “अर्धं गणित झालं होतं. मंग तुह्यी आठवण आली. म्हटलं, रिनाले माहीत असन. अन् ते सारं खोडलं.”

रिना शिवी ऐकायची तयारी करून आली होती, हे ऐकायची नाही.

“मले सांगतलं ते ठीक,” पुनम म्हणाली. “पण त्या तिघीइले वाटते, मले येत नाई. त्याइले सांग.”

“मी तुह्यी तयारी करून देऊ? बॅकच्या पेपरची?”

“नाई. माह्यी मी करीन.”

ब्रह्मपुरीला परतल्यावर रिनानं खोलीत तिघींना समोर बसवलं आणि सांगितलं. बोलताना तिची नजर जमिनीवरच होती. त्यांतली मयुरी फणकारली, “म्हणजे आमचेही मार्क तुह्यानंच गेले!” त्यानंतर बरेच दिवस तिच्याकडं गणित घेऊन कोणी आलं नाही.

उन्हाळ्याच्या परीक्षेत पुनम गणितात सुटली, बासष्ट मार्क घेऊन. आर्ट्सचा विषय तिच्या घरी पुन्हा निघाला नाही. जुलैत ती त्याच खोलीत परत आली. रिनाशी बोलते, तिच्या डब्यातली भाजी घेते, संगणकाचं काही अडलं तर पूर्वीसारखंच समजावून सांगते. गणिताचं मात्र काही विचारायचं असेल, तर वही घेऊन थेट सरांकडं जाते. रिना ते रोज पाहते.