साडभाऊंची शेवटची कपची

साडभाऊंचा नमुना मी चुंबकाची झडप असलेल्या मोबाइलच्या पाकिटात घालून नागपूरला नेला.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वर्ध्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. एकदा केलेली गोष्ट पुन्हा तशीच करणारा माणूस त्यांच्या लेखी जिवंत नसतोच. संशोधनही तेच! काचेच्या कपचीवर दोन धातूंचे थर चढवायचे, एक चुंबकाला भुलणारा, दुसरा न भुलणारा. प्रत्येक थर इतका बारीक की केस त्यापुढे ओंडका वाटावा. थरांच्या क्रमाला नियम असतो, पण नक्षी काही फिरून येत नाही. मग अशा कपचीतलं चुंबकत्व कसं वागतं ते बघायचं. एवढं समजायला माझं निम्मं आयुष्य गेलं. साडभाऊंनी वर्ध्याजवळ सेलूला घर बांधलं तेव्हा फरशाही त्याच हिशेबानं: काळी, पांढरी, काळी, काळी, पांढरी. मिस्त्री म्हणाला, "सर, एक ओळ सांगा, बाकी तशाच लावून टाकतो." साडभाऊ कळवळले, "अरे, तशाच लावल्या तं पुढं पाहाले काय राह्यलं?" मिस्त्रीनं थापी खाली ठेवली ती ठेवलीच. त्यांच्या जेवणात घासांचाही क्रम असतो. मध्येच कुणी पोळी वाढली की ते पहिल्या घासापासून पुन्हा सुरू करतात. अंगानं सुटले ते त्यामुळंच.

थर चढवायचं कॉलेजचं जुनं यंत्र भंगारात निघालं, आणि त्यावरची ही शेवटची कपची. मोजमाप नागपूरच्या प्रयोगशाळेत व्हायचं होतं. मी सिंदीहून नागपूरला रोज रेल्वेनं अपडाऊन करणारा, म्हणून कपचीची डबी माझ्याकडं आली. "बोट लावू नका, पाडू नका," एवढंच त्यांनी बजावलं. नागपूरला उतरून डबी काढायला पाकीट उघडलं, झडप टक्कन वाजली आणि तेव्हा कुठं आठवलं, झडपेत चुंबक आहे! तिथूनच साडभाऊंना फोन लावून "घोळ झाला" म्हणालो.

"काऊन घाबरून राह्यले? फुटली का?"

"फुटली असती तर बरं झालं असतं," म्हणत मी सगळं सांगितलं. मग साडभाऊ खो-खो हसले. "अहो, तिथं तिले याच्याहून कितीतरी जबर चुंबकात ठेवूनच मोजतात. तुमच्या पाकिटाचा तिले पत्ताबी लागत नाई. द्या नेऊन!"

कपची पोचवून मी झणझणीत तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा हाणल्या. इतके गोड पोहे जन्मात खाल्ले नव्हते.

पुढं एका रविवारी साडभाऊ त्या मोजमापाचा आलेख घेऊन आमच्याकडं आले. रेघ सरळ न चढता पायऱ्या-पायऱ्यांनी चढली होती, त्यांनी आधीच गणितानं मांडलं होतं अगदी तशी. ते बराच वेळ एकाच पायरीवरून बोट फिरवत राहिले.

"पुढची कपचीही मीच नेईन," मी उगाच बोलून गेलो.

"पुढची कुठली? यंत्रच गेलं," ते हळूच म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "आन् राह्यलं असतं, तरी तुमच्या हाती दिली नसती. एकदा केलेलं पुन्हा तसंच कायले करायचं?"