खंडोजीमामाच्या हातचा प्रसाद

माझ्या खंडोजीमामाने चोवीस वर्षांत आजारपणाची एकही रजा घेतलेली नाही. हे तो स्वतःच सांगतो, आणि सांगताना खिशातली शिट्टी उगाच चाचपतो. कोरमंगल्याहून विमानतळाला जाणाऱ्या बसचा तो कंडक्टर. बसच्या काचा बंद, आत गार हवा, आणि सीटांवर जगभरातून आलेली माणसं, त्यांची अर्धवट झोप, त्यांचे खोकले. येलहंका मागे पडलं की तो कुणाच्या तरी शेजारी उभा राहून बाहेर बोट दाखवतो. "इथं द्राक्षं होती, सर. आता लेआउट झालं, नुसते प्लॉट." सरांनी विचारलेलं नसतं. पण मामाला वाटतं, नव्या माणसाला गावाची ओळख कुणीतरी करून द्यायला हवी.

त्याला सर्दी होत नाही असं नाही. होते, पण तो तिला सर्दी म्हणत नाही. "धूळ आहे, अक्का," म्हणतो. अक्का म्हणजे माझी आई, पद्मावती. त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आम्ही येलहंक्यात राहतो आणि मामा दोन गल्ल्या सोडून. ड्यूटी संपली की पालेभाजीची जुडी घेऊन तो आईकडे येणार, हे इतकं ठरलेलं होतं की आई भाजी विकत घ्यायला विसरली होती.

आमचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या पागेबरोबर इकडे कानडी मुलखात आलं. घोडे गेले, सरदार गेला, घरात मराठी राहिली, तीही अर्धी कानडीत भिजलेली, आणि चंपाषष्ठी राहिली. त्या दिवशी खंडोबाची तळी उचलायची. तांब्याच्या ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा. भोवती पाच पुरुष, तीनदा उचलून येळकोट. मग आमच्या घरची खास रीत. प्रसाद कुणी हातात घ्यायचा नाही. सगळ्यांनी ओळीने बसून तोंड उघडायचं आणि घरच्या सुनेच्या भावाने गूळखोबरं स्वतःच्या बोटांनी भरवायचं. म्हणजे मामाने. लहानपणी त्याच्या बोटांना तिकिटाच्या कागदाचा आणि हळदीचा मिळून एक वास यायचा. प्रसादाचा वास तोच असतो, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं.

गेल्या चंपाषष्ठीला त्याला 'धूळ' झाली होती. डोळे पाणावलेले, नाक लाल. तरी त्याने सगळ्यांना भरवलं, आईला सगळ्यात मोठा घास. आईच्या फुफ्फुसांचं दुखणं जुनं आहे. जिना चढताना ती मध्ये थांबते आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करते. तीन दिवसांनी तिला ताप भरला, पाचव्या दिवशी ऑक्सिजन लावला. तपासणीत फ्लू निघाला. बारा दिवस ती हॉस्पिटलात होती. कुणीही मामाला एका शब्दाने काही म्हटलं नाही. बाबांनाही ताप होता आणि माझाही घसा बसला होता. कुणाकडून कुणाला गेलं, हे कोण सांगणार?

पण त्यानंतर मामा घरात येईनासा झाला. भाजी यायची, ती दारातून. "बूट काढायला वेळ न्हाई अक्का, बस लागलीय." आम्हाला वाटलं, ड्यूटी बदलली असेल.

यंदा नोव्हेंबर लागला तसं मी आईला डॉक्टर सुप्रीतांकडे फ्लूची लस टोचायला नेलं. त्या म्हणाल्या, "हिला लस दिली, तरी हिच्या शरीराला तिचा फायदा थोडा कमीच होणार. म्हणून हिच्याजवळ येणाऱ्यांनीही घ्यायला हवी. दर वर्षी नवी. आणि लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात." चंपाषष्ठीला बावीस दिवस होते. मी आणि बाबांनी तिथेच बाह्या वर केल्या.

संध्याकाळी दारात मामाला सांगितलं, तर तो हसला. "मला कशाला? अक्कालाच दोन दे की."

"दोन देऊन चालत नाही मामा."

"मग तिचीच स्वल्प मोठी करायची."

"मामा, बसमध्ये रोज किती लोक खोकतात?"

"ते त्यांचं. मला काय झालंय? चोवीस वर्षं..." असं म्हणत त्याचा हात शिट्टीकडे गेला. मग जुडी माझ्या हातात ठेवत तो म्हणाला, "आणि हे बघ भव्या, यंदा मला षष्ठीला ड्यूटी पडलीय. तुम्ही करून घ्या."

ड्यूटी पडली नव्हती. त्याचा ड्रायव्हर देवाप्पा मला मंडईत भेटला तेव्हा कळलं, मामाने ती मागून घेतली होती. वर्षातली एकुलती एक हक्काची रजा त्याने परत केली होती.

मी आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी जुडी आली तेव्हा तिने मला उठू दिलं नाही. खुर्चीतूनच हाक मारली.

"खंडू, आत ये."

"बस लागलीय अक्का."

"तुझ्यावाचून निघत असेल तर निघू दे. बूट काढ."

तो आत आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला, परक्याच्या घरात उभं राहतात तसा.

"सुईला भितोस?"

"सुईला काय भ्यायचं!"

"मग?"

मामाने दारातल्या बुटांकडे बघितलं. "घेतली की काय होतं ठाऊक आहे अक्का? गेल्या वर्षी दुखणं मीच आणलं, असं होतं. आपणच लिहून दिल्यासारखं. न घेता लांब राहिलो तर... तर ते तसंच राहतं. कुणाचं न्हाई म्हणून."

आईने दम घेतला. "तूच आणलं असशील, खंडू."

मी दचकले.

"तुझं नाक लाल होतं, ते मी बघितलं होतं. तरी तोंड उघडलं."

"मग न्हाई म्हणायचं की!" तो जवळजवळ ओरडला.

"तू कधी म्हणालास मला, की बरं न्हाई? म्हणाला असतास, तर मीही म्हटलं असतं. दोघं सारखेच शहाणे." ती पुन्हा थांबली, श्वास जुळवला. "बारा दिवसांचं मला काही वाटत न्हाई. वर्षभर दारातून भाजी टाकून पळतोस, त्याचं वाटतं. मला भाजी नको. सुई घे आणि इथं बसून जेवत जा."

मामाने बाहीने तोंड पुसलं. "सरी," एवढंच कानडीत म्हणाला, म्हणजे 'बरं'. त्या दिवशी तो जेवून गेला. आईपासून लांबची खुर्ची घेऊन, पण जेवून. षष्ठीची रजाही त्याने पुन्हा मागून घेतली.

लस घ्यायला त्याच्याबरोबर मीच गेले. टोचताना त्याने डोळे इतके घट्ट मिटले की सुई काढल्यावर नर्सला त्याच्या खांद्यावर थाप मारून 'झालं' म्हणून सांगावं लागलं. दोन दिवस दंड दुखत होता आणि त्याचा त्याला थोडा अभिमान वाटत होता. पुढच्या आठवड्यात तो देवाप्पालाही घेऊन गेला. "तुझी आई दमेकरी न्हवं?" एवढंच विचारलं म्हणे, आणि रिक्षात बसवलं.

षष्ठीच्या सकाळी आम्ही ताम्हन मांडून बसलो होतो. मामा आला तो पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं आणि तोंडावर मास्क. पायरीशीच थांबला.

"अक्का, मला सर्दी आहे. काल संध्याकाळपासून."

हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"पण लस घेतलीस ना?" मी म्हटलं.

"ती फ्लूची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की, साधी सर्दी तिने थांबत न्हाई म्हणून. आणि ही साधीच आहे, हे माझं मी कोण ठरवणार? मी इथं अंगणात थांबतो."

"मग उचलायला चौघंच राहिले," बाबा म्हणाले. आमच्याकडे चौघांनी तळी उचलायची रीत नाही.

आईने अंगणाकडे बघितलं. मामाने मास्कच्या वरून तिच्याकडे. दोघांचं काय ठरलं कुणास ठाऊक, पण आई म्हणाली, "भव्या उचलेल. भरवेलही तीच."

"बायका तळीला हात लावत न्हाईत," एक काका पुटपुटले.

"आजारी भाऊही लावत न्हाई," अंगणातून आवाज आला. "पाचवी ती. उचला!"

आम्ही उचलली. ताम्हन मला वाटलं होतं त्याहून जड होतं. येळकोटाचा आवाज मात्र बाहेरूनच सगळ्यात मोठा येत होता, मास्कमधून, बसलेल्या घशाने. मग सगळे ओळीने बसले. आईने तोंड उघडलं. मी गूळखोबऱ्याचा घास घेऊन वाकले.

"ए भव्या!" मामा अंगणातून ओरडला. "हात धुतलेस का आधी?"

मी नव्हते धुतले. घास ताम्हनात ठेवून मी मोरीकडे पळाले, आणि मागे आई तोंड उघडंच ठेवून हसत होती.