दाराखालची चार भोकं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर माझं न सांगितलेलंही माहीत असतं. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. म्हणूनच तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. जमेल का? बघू.

मी डेंटिंग-पेंटिंगवाला. कारध्याला वैनगंगेच्या पुलापाशी माझं टिनाचं शेड आहे. ठोकलेल्या, गंजलेल्या गाड्या येतात. सडका पत्रा कापायचा, नवा जोडायचा, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासायचं, रंग मारायचा. लोक म्हणतात, सुधाकरनं गाडी कुठे दुरुस्त केली ते बोट ठेवून सांगता येत नाही. पूर्वी हे ऐकून छाती फुगायची. आता वाटतं, झाकण्यात याचा हात धरणारा कुणी नाही, एवढंच लोक म्हणतायत.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चारेक वर्षं झाली असतील, तेव्हा रामटेके साहेबांनी ती गाडी आणली. साहेब आमच्याच गावचे, सरकारी नोकरीतून नुकतेच रिटायर झालेले. गाडी लाल, परदेशी, कापडी टपाची, दोनच सीटा, आणि वयानं माझ्याहून मोठी. आमच्याकडे स्पोर्ट्स कार कुणी पाहिली होती? एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "साहेब, बाकीची गाडी मागून येऊन रायली का?" साहेब पोटभर हसले. तरुणपणी ती त्यांनी एका कॅलेंडरवर पाहिली होती म्हणे, आणि मुलींची लग्नं होईपर्यंत थांबले होते.

गाडी साहेब चालवायचे आणि त्यांची बायको, कुंदाकाकू, धुवायच्या. दर रविवारी सकाळी, दोन बादल्या पाणी आणि जुन्या लुगड्याचं मऊ फडकं. धुता धुता गाडीशी बोलायच्या, आरशाला "थांब, तोंड पुसू दे" म्हणायच्या. तिथून जाताना मी मुद्दाम सायकल हळू करायचो. मग "बाबू, चहा घेऊन जाय" अशी हाक यायचीच. सांगायला लाज कशाला — मला त्या फार आवडायच्या. माझी आई लवकर गेली होती.

पहिल्या पावसाळ्याआधी साहेबांनी गाडी माझ्याकडे आणली. गंज लागू नये म्हणून खालून कोटिंग करून हवं होतं. लागू नये म्हणून, हे लक्षात ठेवा. मी गाडीखाली झोपलो आणि दाराखालच्या पोकळ पट्टीत मला भोकं दिसली. इकडे दोन, तिकडे दोन.

आता इथं घराणं सांगावं लागतं. आम्ही ढिवर. माझा बाप वैनगंगेत डोंगा चालवायचा, मासे मारायचा. उन्हाळ्यात डोंगा पालथा घालून त्याची प्रत्येक फट चिंधी आणि गरम डांबर ठासून बुजवायचा. भोक दिसलं की बुजव — हे मी चालायच्या आधी शिकलो असेन. मी ती चारही भोकं बुजवली. चिंधी, डांबर, वरून कोटिंग. वर त्या परदेशी कारागिराला मनात हसलोही, की इतकी देखणी गाडी केली आणि भोकं तशीच सोडली!

ती पाणी आत यायला नव्हती हो. आत गेलेलं पाणी बाहेर पडायला होती. डोंग्याला पाणी खालून लागतं, गाडीला वरून — एवढं साधं मला कळलं नाही.

पावसाचं, धुण्याचं, सगळं पाणी काचेच्या फटीतून त्या पट्टीत उतरत राहिलं आणि तिथंच बसलं. तीन वर्षांनी दाराखालचा रंग फुगला. साहेब गाडी घेऊन आले, शेजारी काकू. मी वाकून स्क्रूड्रायव्हरनं टोकरलं, तर माझंच डांबर हातात आलं आणि मागून गंजाचं लाल पाणी. साहेब वर उभे होते, त्यांना दिसलं नाही.

"काहून झालं रे हे?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायला किती वेळ लागला असता? मी डांबराचा गोळा मुठीत दाबला आणि म्हणालो, "काकूच्या हातच्या पाण्यानं, साहेब. दर आठवड्याले बादल्या ओतून रायल्या, जंग नाही लागन तं काय?"

हातच्या पाण्यानं. काकूंची आई गावच्या विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल या आशेनं — हे काकूंनीच मला एकदा चहा पिताना सांगितलं होतं. आमच्या हातचं पाणी गावाला चालायचं, त्यांच्या हातचं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. बोलताना ते मनात नव्हतं असं म्हणता येईल, पण म्हणून काय होणार? तोंड माझंच होतं.

काकूंनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग खाली उतरून दार अगदी हळू लावलं, जोरात लावलं तर आणखी बिघडेल अशा बेतानं.

काम मात्र मी जीव ओतून केलं. चांगला पत्रा लागेपर्यंत सडका कापत गेलो, नवी पट्टी वळवून वेल्डिंग केली, पोकळीत प्रायमर आणि मेणाचं तेल सोडलं. चारही भोकं उघडी ठेवली, तार घालून तपासली. त्यानंतर त्या गाडीला गंज शिवला नाही. पण कसं झालं बघा — तोवर काकूंनी धुणं सोडलं होतं. त्यामुळे गाडी जितकी टिकली तितकं माझं खोटं पक्कं होत गेलं. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "सुधाकरनं बरोबर पकडलं." नाचता येईना, अंगण वाकडं — इथं मी दुसऱ्याचं अंगण वाकडं म्हणालो आणि सगळ्या गावानं मान डोलावली.

एवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ भ्याडपणा म्हणून सोडून दिलं असतं. पुढचं जास्त वाईट आहे.

एका वर्षी साहेब-काकू त्या गाडीनं दीक्षाभूमीला निघणार होते. आदल्या सकाळी मी दाराची बिजागरी आवळायला गेलो. साहेब आत होते. काकू बाहेर आल्या, हातात तेच फडकं, बादली नाही.

"बाबू, कोरड्या फडक्यानं पुसलं तं चालन का रे? पाणी नाही लावत मी."

आम्ही दोघंच होतो. शब्द ओठांवर आले होते, खरंच आले होते. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, आज कोरडं फडकं, उद्या ओलं, परवा बादली. आणि गंज तर लागणार नाही, कारण भोकं आता उघडी आहेत. मग साहेब विचारतील, तेव्हा कशानं लागला होता?

"नोका पुसू, काकू," मी म्हणालो. "हाताले घाम रायते."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फडक्याची घडी आणखी लहान केली. त्या दिवशीही त्यांनी मला चहा दिला, साखर नेहमीइतकीच.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. साहेबांचे गुडघे गेले, त्या बुटक्या सीटवर आता त्यांना बसवत नाही. मागच्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं आणि गाडीच्या डिकीत सापडलेलं ते फडकं हातात ठेवलं. "हिचं हाये. तुले कामी येईन. लय जीव होता तिचा तुयावर." मी ते घेतलं.

आता दर रविवारी मी जातो आणि दोन बादल्या पाण्यानं गाडी धुतो. साहेब खुर्चीवरून सांगतात, "पाणी बेतानं रे, तुले तं मालूम हाये." मी हो म्हणतो. मग खाली वाकून बघतो. चारही भोकांतून पाणी ठिबकत असतं. सगळं निघून जातं, आत काही राहत नाही. साहेबांना मी अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या हातच्या पाण्यानं काही झालं नव्हतं, काकू. ती भोकं मी बुजवली होती.