बी पॉझिटिव्हच्या खाली माझी सही

सही माझीच होती. तपासणी मी केलेली नव्हती. या दोन वाक्यांतला फरक मला विरारच्या एका प्रसूतिगृहात, बाळंतिणीच्या खाटेशेजारी उभे राहून समजावून सांगावा लागला. त्यानंतर शेजारच्या बोळिंजमध्ये या प्रसंगाच्या ज्या आवृत्त्या फिरू लागल्या, त्यांतली एकही धड नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रक्त-लघवी तपासून त्यांचा अर्थ सांगणारा डॉक्टर. बोळिंजच्या एका लॅबमध्ये मी तपासनीस म्हणून जात असे. लॅब नीलेशची. नीलेश टेक्निशियन, चाळिशीचा, हाताला अत्यंत स्वच्छ. रक्त काढणे, यंत्र चालवणे हे त्याचे शिक्षण आणि त्याचा हक्क. रिपोर्टवर सही करणे हा माझा. नियम इतका सरळ आहे की तो कोणी पाळत नाही.

त्या दुपारी डॉ. मृण्मयीचा फोन आला. प्रसूतिगृह तिचेच.

"सर, प्रणालीची डिलिव्हरी परवा सकाळी झाली. ब्लीडिंग जास्त झालं म्हणून काल रक्त मागवलं. ब्लड बँक म्हणते बी निगेटिव्ह. तुमचा रिपोर्ट म्हणतो बी पॉझिटिव्ह."

"ब्लड बँकेचं खरं धर."

"धरलं. रक्त चढवलंसुद्धा. पण बाळ पॉझिटिव्ह आहे आणि घरचे अँटी-डी घेऊ देत नाहीत. त्यांच्या हातात तुमची सही आहे, सर."

अँटी-डी हे एक इंजेक्शन. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्याला परके मानून त्याच्याविरुद्ध तयारी करते. या बाळाला काही होत नाही. पुढच्या बाळाचे रक्त मात्र पोटातच नासू शकते. बहात्तर तासांच्या आत इंजेक्शन दिले, तर ती तयारी सहसा होत नाही. पन्नासहून अधिक तास होऊन गेले होते.

निघण्यापूर्वी नीलेशला फोन केला.

"प्रणालीचा ग्रुप तू टाइलवर रक्ताचा थेंब घेऊन स्वतः लावला होतास का?"

"सर, तिच्या हाउसिंग कॉम्प्लेक्समध्ये आपण रक्तगटाचा कॅम्प घेतला होता, त्याचं कार्ड होतं तिच्याकडे. त्यावरून घेतला."

"आणि कॅम्पमध्ये?"

"फॉर्मवर ज्यांनी ग्रुप आधीच लिहिला होता, त्यांचा परत नाही लावला. गर्दी फार होती, सर."

म्हणजे प्रणालीने फॉर्मवर लिहिले, ते कार्डावर आले; कार्डावर आले, ते रिपोर्टवर आले; आणि दोन्हींच्या खाली माझी सही. लॅमिनेट केलेली.

प्रसूतिगृहात प्रणालीची आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाई कळंबच्या, बोलायला कोणाला न भिणाऱ्या.

"डाक्टर, आमच्या घरात सगल्यांचा बी पॉझिटिव. हिच्या बापाचा तोच, भावाचा तोच. मंग हिचा येगला कोनी केला?"

रक्तगट म्हणजे कुलदैवत नव्हे, की घरात सगळ्यांचे एकच असावे. हे मी त्यांना सांगितले. त्या हसल्या नाहीत.

"पोरगी ठनठनीत हाय. बाल ठनठनीत हाय. ठनठनीत मानसाला सुई कशाला?"

आयुष्यभर मी या प्रश्नाशी भांडत आलो आहे. काही दुखत नाही म्हणजे प्रकृती उत्तम, हीच आपली आरोग्याची व्याख्या. प्रणाली खरोखरच आजारी नव्हती. धोका अजून न जन्मलेल्याला होता, आणि त्याच्या वतीने दुखतंय म्हणून सांगणारे तिथे कोणी नव्हते.

प्रणालीचा नवरा, समीर, शांतपणे म्हणाला, "सर, कार्डावर सही तुमची. रिपोर्टवर तुमची. आता तुम्हीच म्हणता ते खोटं. मग आज खरं बोलताय, हे आम्ही कशावरून धरायचं?"

मी जे होते ते सांगितले. "सही माझी आहे. तपासणी माझी नाही. माझ्या सहीचं चित्र मीच नीलेशच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवू दिलं होतं. रोज जाणं जमत नव्हतं म्हणून. तो कागद मी पाहिलेलाच नाही."

मृण्मयी खिडकीबाहेर पाहू लागली.

मग मी पांढरी टाइल मागवली. प्रणालीच्या आणि बाळाच्या रक्ताचा एकेक थेंब ठेवला. शेजारी समीरचा, त्याचा ग्रुप पॉझिटिव्ह असल्याचे कार्यालयात रक्तदान करताना ठरलेले होते. तिन्हींवर तपासणीचा द्राव टाकला आणि टाइल हलवली. समीरच्या आणि बाळाच्या रक्तात कण धरले, दूध नासल्यासारखे. प्रणालीचे रक्त तसेच राहिले, सपाट.

आजी बराच वेळ वाकून पाहत होत्या. मग लेकीला म्हणाल्या, "घे गं सुई. हे तर आंधल्यालापन दिसंल."

इंजेक्शन मुदतीत दिले गेले. प्रणालीच्या शरीरात त्याआधी काही तयारी झाली नव्हती, हेही इंजेक्शनआधी काढून ठेवलेल्या रक्तावर नंतर तपासून घेतले.

आता आवृत्त्या. कॉम्प्लेक्सचे चेअरमन सांगतात की डॉक्टरांनी आपले नाव वाचवायला गरीब टेक्निशियनचा बळी दिला. वैद्यक परिषदेकडे गेलेली तक्रार मीच लिहिली, आणि तिच्या पहिल्या ओळीत माझेच नाव आहे. ती त्यांनी वाचलेली नाही. दुसरे म्हणतात, नीलेश बोगस होता. तो बोगस नव्हता. त्याची पदवी खरी, नोंदणी खरी. मी रिकामी सोडलेली खुर्ची त्याने सांभाळली. परिषदेने मला ताकीद दिली. नीलेशची लॅब काही आठवडे बंद राहिली. आता तिथे एक तरुण पॅथॉलॉजिस्ट रोज प्रत्यक्ष येऊन बसते. कॅम्पची कार्डे परत मागवा, म्हणून मी सोसायटीला तीन पत्रे लिहिली. उत्तर आले की कार्यक्रम समाजसेवेचा होता.

तिसरी आवृत्ती माझ्या हितचिंतकांची. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर ताकीद म्हणजे अन्याय, असे ते म्हणतात. त्यांच्याशीही माझा वाद आहे. ताकीद योग्य होती. उशिरा आली, एवढीच माझी तक्रार.