देवाच्या रानातली थप्पी

काठीनं बुंध्यावर टकटक करायची आणि विचारायचं, "रांगेत हाये का बराबर?" जणू झाड उत्तर देणार होतं. भोकरदनच्या बाजूला आमच्या टेकडीवर वनरक्षक असलेल्या या माणसाशी माझं कधी पटलं नाही. तो आता नाही म्हणून गोड बोलावं, असा माझा स्वभावही नाही.

त्याची टेकडी म्हणजे सागाची शाळा. सगळी झाडं एका वयाची, एका उंचीची, खाली पाचोळा झाडून काढलेला. ओढ्यापलीकडे देवाचं रान. तिथली काडीसुद्धा गावातलं कुणी उचलत नाही. म्हातारी झाडं, त्यांच्या आडोशाला वाढणारी कोवळी झाडं, वेलींचं जाळं, उभी वाळलेली खोडं, आडवी पडून कुजणारी खोडं. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. लावलेल्या आणि आपलं आपण वाढलेल्या रानात फरक काय, हे मला मोजून पाहायचं होतं.

"त्यात मोजायचं काय, सर?" तो म्हणाला. "तिकडं नुस्ता कचरा हाये. जंगल कसं, आरपार दिसलं पाह्यजे."

"आरपार दिसायला ते काय मंगल कार्यालय आहे?"

त्यानंतर बरेच दिवस आमचं बोलणं बंद होतं.

मोजणीत चूक नको म्हणून मी देवाच्या रानातल्या प्रत्येक वाळक्या खोडाला चुन्याचा पट्टा मारला. त्यांच्या ढोल्यांत पिंगळे, म्हणजे छोटी घुबडं, राहायचे. माझा सगळा जीव त्या पिंगळ्यांत होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर गेलो, तर पट्ट्याचं एकही खोड उभं नव्हतं. तुकडे करून त्यांची चौकोनी थप्पी रचलेली, आणि थप्पीशेजारी हा काठी टेकून उभा.

"तुम्हीच निशाण केलं न्हवं का, सर? आमच्यात निशाण म्हंजे तोड. म्हणलं, सरांना बी एकदाची अक्कल आली."

मी त्याला काय काय बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. गावही बिथरलं. देवाचं लाकूड घरी न्यायला कुणी धजेना, त्यानं बाहेरून आणलेले मजूरसुद्धा. थप्पी तिथेच राहिली.

निवृत्त झाल्यावरही तो बस पकडून यायचा. वाळवीनं पोखरलेले ओंडके घसरायचे. हा ते परत वर लावायचा.

"राहू द्या की. कुजू द्या," मी एकदा म्हणालो.

"कुजायचं तर कुजू द्या. पण रचून कुजू द्या."

मग निघताना, माझ्याकडे न बघता विचारायचा, "पिंगळे आले का, सर?"

"तुमच्या कृपेनं, नाही."

तो मान हलवायचा आणि बसच्या वाटेला लागायचा. दर वेळी तोच प्रश्न, माझं तेच उत्तर. उत्तर ऐकायलाच तो येतो की काय, असं मला वाटू लागलं होतं. तरी मी ते बदललं नाही.

या उन्हाळ्यात तो गेला. पावसाळा सरल्यावर मी रानात गेलो. थप्पी ढासळली होती. ओंडक्यांवर अळंबी उगवली होती, फटीतून कडुनिंबाचं रोप वर आलं होतं. मला हवं होतं तसंच सगळं झालं होतं. आणि शेजारच्या जुन्या झाडाच्या ढोलीतून एक पिंगळा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.

"आले," मी मोठ्यानं म्हणालो.

मी एक घसरलेला ओंडका उचलून वर ठेवला. तो बराबर बसेना.