गो म्हणाले ना ते

फ्रिजमधलं दूध हुंगून लेक म्हणाली, “मॉम, मिल्क हॅज गॉन बॅड,” आणि त्या आंबूस वासासरशी मला सासूबाईंचा इंग्रजीचा वर्ग आठवला. नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत नोव्हायला आल्या तेव्हा त्या लायब्ररीतल्या मोफत वर्गाला जायच्या. ‘गो’ म्हणजे नुसतं जाणं नव्हे, बिघडण्यालाही गो म्हणतात, असं तिथल्या बाईंनी एका मंगळवारी शिकवलं होतं. सासूबाईंनी ते जाड स्केचपेनने उतरवून घेतलं, कारण काचबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं. त्याच आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “शी विल गो ब्लाइंड. आय ॲम सॉरी.” सासूबाईंनी विचारलं, “काय म्हणाले गं?” मी म्हटलं, “ड्रॉप्स बदलून बघू म्हणतायत, आई.” त्या म्हणाल्या, “गो म्हणाले ना ते? बरं व्हायचं असतं तर गेट म्हणाले असते. बाईंनी सांगितलंय.” मी त्यांचा हात धरला, तर तो सोडवून घेऊन त्या स्वेटरची बटणं चाचपत लावू लागल्या. पुन्हा वर्गाला गेल्या नाहीत. आता त्या नागपूरला माझ्या दिरांकडे असतात. परवा व्हिडिओ कॉल लावला, तर त्यांनी फोन कानालाच धरला होता. स्क्रीनभर नुसता कान आणि पांढरे केस दिसत होते, आणि मी त्या कानाशी बोलत राहिले.