मुरलेलं पाणी

नणंदेच्या लग्नाची तारीख ठरली, त्याच आठवड्यात आमच्या विहिरीने सासूबाईंचा पितळी तांब्या परत दिला. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो हरवला होता, आणि तो शेजारच्या काकूंनीच लांबवला असं सासूबाईंनी पक्कं धरलं होतं. बादलीबरोबर चिखलाने माखलेला तांब्या वर आला तेव्हा काकू पोट धरून हसल्या. सासूबाई मात्र विहिरीत वाकून बघत राहिल्या. तांब्या हाती लागला याचा अर्थ तळ लागला. आणि अजून चैत्रच चालू होता.

स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली होती. अंधेरीला पूर्वेकडे एका आवारात आम्ही पाच बिऱ्हाडं राहायचो. मध्ये एकच विहीर, रहाटाची. नळ रस्त्याच्या टोकापर्यंत आला होता, आत यायचा होता. लग्न वैशाखात, आवारातच मांडव घालून करायचं होतं. मुलाकडची मंडळी रत्नागिरीहून बोटीने सकाळी उतरणार, आमच्याकडे आंघोळी करणार आणि मग मुहूर्त. विहीणबाईंनी एकच गोष्ट मागितली होती. "मानपान नको, पण बोटीतून आलेल्या माणसांना आंघोळीला भरपूर पाणी असू दे." मुलाची बदली नागपूरला झाली होती. वैशाख हुकला की लग्न थेट तुळशीच्या लग्नानंतर. नणंद सकाळी उठली की आधी विहिरीत डोकावायची आणि मग तोंड धुवायची.

"वाट लागली," आमचे हे म्हणाले. "पुढे ढकलू या का?"

"लग्न म्हणजे काय हातगाडी आहे ढकलायला?" सासूबाई म्हणाल्या. "दरवर्षी हीच विहीर मिरगापर्यंत पुरते. यंदा कुठंतरी पाणी मुरतंय."

झालं. रहाटावर जो तो दुसऱ्याच्या बादलीकडे संशयाने बघायला लागला. काकू म्हणाल्या, मागच्या खोलीतले रोज केस धुतात. मागच्या खोलीतल्या म्हणाल्या, काकू अंगणात सडा घालतात की पूर आणतात? मला या भांडणात रस नव्हता. मला लग्नाचं पाणी कुठून आणायचं ते शोधायचं होतं.

मग एका सकाळी मी पायरीवर राखुंडीने दात घासत बसले होते. पाच दारं उघडली. पाच घरांतून पाच पिंपं तिरकी झाली आणि भडाभडा पाणी गटारात. का, तर ते कालचं होतं. शिळं. शिळं पाणी ओतायचं, भांडी चिंचेने घासायची, ताजं भरायचं. मी गिरगावात वाढले, तिथेही हेच. पण पूर्वी इथे घरोघरी हंडा-कळशी असायची, उरलं तर उरलं तांब्याभर. नळ येणार म्हणून यंदा पाचही घरांनी कमरेइतकी मोठी पिंपं घेतली होती. आता अर्धंअर्धं पिंप रोज शिळं व्हायचं. गटार ओढ्यासारखं वाहत रस्त्यापर्यंत जाई आणि तिथे तबेल्यातल्या म्हशी रांगेने उभ्या असत. त्यांना वेळ पाठ होती.

मी घरात जाऊन सांगितलं. सासूबाई परातीत कैऱ्या फोडत होत्या, नणंद मीठ-मसाला कालवत होती.

"शिळं पाणी ठेवायचं?" सासूबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "लोक तोंडात शेण घालतील."

"देवाला आणि प्यायला रोज ताजं भरू. पिंपातलं आंघोळीला, कपड्यांना. अहो आई, विहिरीत महिनाभर असतं ते ताजं, आणि पिंपात रात्रभर राहिलं की शिळं?"

"माणूस घरात असतो तोवर मुलगा, लग्न झालं की जावई. जागा बदलली की नाव बदलतं."

नणंद मसाल्याचे हात तसेच धरून म्हणाली, "आई, हे लोणचं उद्या शिळं होणार का गं?"

"लोणचं कुठे शिळं होतं? लोणचं मुरतं."

"मग पिंपातलं पाणीही मुरू दे की."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरीचे डोळे भरले होते, मसाल्याने की कशाने कोण जाणे. "बघा, हिची जीभ," सासूबाई म्हणाल्या, आणि पदराला हात पुसून उठल्या.

एकदा पटलं की त्यांना धरवत नसे. संध्याकाळपर्यंत बाकीच्या चारही दारी जाऊन त्या सांगून आल्या, "आजपासून आमच्याकडे मुरलेलं पाणी. ज्याला शिळं वाटेल त्याने ओता, पण बघायला मी दारात उभी असेन." काकूंनी नाक मुरडलं. तांब्यावरून तोंड उघडायची आयती संधी होती, तीही साधली. "माझ्यावर आळ घेतलात ना? मग आता माझंच पिंप लग्नाला वापरा," म्हणाल्या. दोघी तिथल्या तिथे हसल्या आणि मिटलं. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी माडाच्या आळ्यात जाऊ लागलं. म्हशी दोन-तीन दिवस येऊन उभ्या राहिल्या, मग त्यांनी नाद सोडला.

विहीर भरली वगैरे काही नाही. पण रोज काढायचं कमी झालं, तसं रात्रीत झिरपलेलं सकाळी थोडं उरायला लागलं. ते उरलेलं लग्नाच्या चार दिवस आधीपासून आम्ही पाचही पिंपांत साठवलं, वर पांढरी फडकी बांधून. शिळं म्हणून ओतायचं असतं, तर हे जमलंच नसतं.

वऱ्हाड आलं, खारट वाऱ्याने चिकट झालेलं. माणसं भराभर न्हाऊन निघाली. विहीणबाई सगळ्यात शेवटी. मोरीतून त्यांचा आवाज आला, "पाणी ताजं आहे ना हो?"

मी सारवासारव करायला तोंड उघडलं. पण सासूबाई आधी बोलल्या.

"ताजं कसलं? चांगलं चार दिवस मुरलेलं आहे. आमच्याकडे कैरी आणि पाणी मुरल्याशिवाय पाहुण्यांना देत नाहीत."

मोरीतून खळखळून हसू, आणि पाठोपाठ, "मग आणखी एक बादली द्या!"

बादली सासूबाईंनी स्वतः नेऊन दिली. अर्धीच.